टॅग एकच, नियम सात

एका मशीनच्या मेंटेनन्स मॅन्युअलचं काम माझ्याकडे होतं. ४०० च्या वर पानं, सगळा मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक तुकडा काय आहे ते टॅग लावून सांगितलेला, आणि त्यातून छपाईचं पीडीएफ काढायचं. प्रूफ तीनदा जाऊन आलं होतं, सगळं जमलंय असं वाटत होतं, आणि फाइल छपाईला जायच्या आदल्या दिवशी आमच्या प्रूफरीडर ताईंनी एका पानावर बोट ठेवून विचारलं की इथली धोक्याची सूचना कुठे गेली?

सूचना गेली नव्हती. म्हणजे शब्द होते. "कव्हर काढायच्या आधी मेन सप्लाय बंद असल्याची खात्री करा" हे वाक्य स्टेपच्या खाली अगदी साध्या पॅरासारखं छापलेलं होतं, चौकट नाही, त्रिकोणाचं चिन्ह नाही, वर "सावधान" हा शब्दसुद्धा नाही. आणि त्याच्या बरोब्बर वरच्या ओळीत "चारही स्क्रू सोडवून कव्हर काढा". मॅन्युअल वापरणारा माणूस मशीनसमोर उभा राहून एकेक ओळ वाचतो आणि तसं करतो, पुढची ओळ आधी वाचून मग कामाला लागत नाही. चौकट असती तर त्याची नजर आधी तिथे गेली असती. चौकट नसल्यामुळे ते वाक्य त्याला कव्हर काढून झाल्यावर दिसलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून टॅगांना दिसण्याचे नियम लावायच्या या विषयाकडे बघायची माझी पद्धतच बदलली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

झालं होतं असं की लेखकांच्या टीमने स्कीमामध्ये, म्हणजे कोणते टॅग कुठे चालतात ते लिहिलेल्या फाइलमध्ये, 'कॉशन' नावाचं नवं एलिमेंट (टॅगने बांधलेला तुकडा) घातलं होतं. माझ्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे कुठलं एलिमेंट कसं दिसावं त्या नियमांच्या फाइलमध्ये, 'वॉर्निंग'चा नियम होता, 'नोट'चा होता, 'कॉशन'चा नव्हता. आता एक्सएसएलटीला (स्टाइलशीटची भाषा आणि तिचे नियम चालवणारा प्रोसेसर) एखाद्या एलिमेंटसाठी नियम सापडला नाही तर तो थांबत नाही, ओरडतही नाही. त्याच्याकडे आधीपासून बसवलेले नियम असतात: एलिमेंट ओळखीचं नसेल तर त्याला ओलांडून आतल्या मुलांकडे जा, आणि शेवटी जो मजकूर हाती लागेल तो जसाच्या तसा सोड. त्यामुळे 'कॉशन'ला ओलांडून तो आतल्या 'पॅरा'पाशी आला, 'पॅरा'चा नियम होताच, त्याने साधा पॅरा छापला. आणि "सावधान" हा शब्द का गेला, तर तो लेखकाने कुठे टाइप केलेलाच नसतो, एलिमेंटचं नाव बघून तो शब्द स्टाइलशीटच घालते. ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगलाच जोडलेल्या माहितीत, धोक्याची पातळी लिहिलेली होती तीही गेली, कारण ॲट्रिब्यूट मुलांमध्ये मोजले जात नाहीत, तुम्ही मुद्दाम मागितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत.

म्हणजे नियम न लिहिणं हाही एक नियमच असतो, फक्त तो तुम्ही ठरवलेला नसतो.

आता जरा मागे जाते, कारण हे का करायचं तेच काही जणांना माहीत नसतं. मजकुरात "इथे १४ पॉइंट बोल्ड" असं न लिहिता "हे शीर्षक आहे" एवढंच लिहायचं आणि शीर्षक कसं दिसावं ते दुसरीकडे ठरवायचं, ही कल्पना जुनी आहे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी त्यावर काम सुरू केलं, त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून जीएमएल हे नाव आलं, त्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आयएसओ स्टँडर्ड झालं आणि १९९८ च्या फेब्रुवारीत त्याचंच आटोपशीर रूप म्हणजे एक्सएमएल. पण मजकूर असा स्वच्छ केला की दुसरा अर्धा भाग उरतो, दिसण्याचा. त्यासाठी १९९६ मध्ये डीएसएसएसएल आलं, स्कीम या प्रोग्रामिंग भाषेवर आधारलेलं, ते फार थोड्या लोकांनी आपलंसं केलं, पण त्यातला विचार पुढे १९९९ च्या एक्सएसएलटीमध्ये आणि २००१ च्या एक्सएसएल-एफओमध्ये, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेत, उतरला. आज मी रोज जे करते ते याच दुसऱ्या अर्ध्या भागाचं काम आहे: या एलिमेंटला हा नियम, त्या एलिमेंटला तो.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. मी सुरुवात केली ती एका स्प्रेडशीटने, डावीकडे एलिमेंटचं नाव, उजवीकडे फॉन्ट, साइज, वरची जागा, खालची जागा. एका दुपारी सगळा तक्ता भरून झाला. मग 'टायटल'ची ओळ भरायला गेले आणि तिथेच अडले, कारण 'टायटल' प्रकरणात येतं, सेक्शनमध्ये येतं, सब-सेक्शनमध्ये येतं, टेबलवर येतं, आकृतीखाली येतं आणि सूचनेच्या चौकटीतही येतं. प्रकरणाचं शीर्षक नव्या पानावर मोठ्या अक्षरात हवं, टेबलचं बारीक अक्षरात टेबलच्या वर, आकृतीचं आकृतीच्या खाली. एकाच टॅगला सहा नियम. मग परिशिष्ट आलं, त्याच्या शीर्षकाला आकड्याऐवजी "परिशिष्ट क" असं हवं होतं, सात झाले.

तेव्हा कळलं की तक्त्याच्या डाव्या बाजूला एलिमेंटचं नाव लिहून भागत नाही, तिथे एलिमेंटचा पत्ता लिहायला हवा. कोणाच्या आत आहे, कोणाच्या नंतर आहे, कितवं आहे, शेवटचं आहे का. एक्सपाथ ही पत्ते लिहायची भाषा याचसाठी आहे. आणि गंमत म्हणजे जे एलिमेंट सगळ्यात साधं वाटतं त्यालाच सगळ्यात जास्त पत्ते असतात. 'पॅरा' बघा. मुख्य मजकुरातला पॅरा, लिस्टमधला पॅरा, टेबलच्या खान्यातला, चौकटीतला, फूटनोटमधला, उताऱ्यातला. मुख्य मजकुरातल्या पॅराची पहिली ओळ आत सरकवायची, पण हेडिंगनंतर लगेच येणाऱ्या पॅराची नाही. लिस्टच्या मुद्द्यातल्या पहिल्या पॅराच्या वर जागा सोडायची नाही, नाहीतर आकडा वर आणि मजकूर खाली असा तिरपा दिसतो, पण त्याच मुद्द्यात दुसरा पॅरा असेल तर त्याच्या वर जागा हवी. उलट 'पार्ट नंबर' सारखं अवघड वाटणारं एलिमेंट कुठेही आलं तरी तसंच दिसतं, त्याला एक नियम पुरतो.

पत्ते लिहायला लागलात की दोन पत्ते एकाच घराला लागू होण्याची वेळ येते. माझ्याकडे एक नियम होता "टेबलमधलं टायटल" आणि दुसरा "परिशिष्टाच्या आत कुठेही असलेलं टायटल". परिशिष्टातल्या टेबलचं टायटल दोन्हीत बसतं. एक्सएसएलटीमध्ये प्रत्येक पॅटर्नला, म्हणजे पत्त्याला, न सांगताही एक प्राधान्य मिळतं: नुसतं नाव लिहिलं तर ०, कुठलंही एलिमेंट चालेल असा तारा लिहिला तर उणे ०.५, आणि आई-मुलाचं नातं किंवा अट घातली की ०.५. माझे दोन्ही नियम ०.५ चे, बरोबरी. अशा वेळी बहुतेक प्रोसेसर फाइलमध्ये जो नियम शेवटी लिहिलाय तो घेतात. म्हणजे परिशिष्टातल्या टेबलांची शीर्षकं कशी दिसणार हे मी फाइलमध्ये कुठला नियम आधी टाइप केला त्यावर ठरत होतं, आणि ते बरेच दिवस ठीक दिसत होतं, मग कोणी फाइल नीटनेटकी करायला म्हणून नियमांचा क्रम बदलला आणि परिशिष्टातली सगळी टेबलं प्रकरणाच्या मापाची शीर्षकं घेऊन उभी राहिली. त्यानंतर मी जिथे शंका असेल तिथे प्राधान्याचा आकडा हाताने लिहिते. त्यात कमीपणा काही नाही, वाचणाऱ्याला लगेच कळतं की इथे दोन नियम भिडतात आणि कोणी जिंकायचं ते मुद्दाम ठरवलंय.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला ती, मोकळी जागा.

फॉन्ट आणि साइज एलिमेंटचे असतात, पण दोन एलिमेंटांमधली जागा कोणाची? वरच्याची की खालच्याची? पॅराखाली ६ पॉइंट आणि हेडिंगवर १८ पॉइंट लिहिले तर मध्ये किती पडायचे, १८ की २४? याचं उत्तर तुम्ही कोणत्या यंत्राने, म्हणजे पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरने, पान लावताय त्यावर आहे. सीएसएसमध्ये (वेबपानांच्या दिसण्याची भाषा) उभे मार्जिन एकमेकांत मिसळतात आणि मोठा उरतो, १८. लाटेक या पान लावणाऱ्या प्रणालीत साधी उभी जागा दोनदा दिली की बेरीज होते, २४, मोठी तेवढीच ठेवायची तर त्यासाठी वेगळी कमांड आहे. तिच्याच घराण्यातल्या कॉन्टेक्स्टमध्ये सलग दोन जागा मागितल्या तर मोठी घेतली जाते. एक्सएसएल-एफओमध्ये तर जागेला किमान, योग्य आणि कमाल अशी तीन मापं देता येतात, वर प्राधान्यही देता येतं, आणि पानाच्या सुरुवातीला आली तर ती गिळायची की ठेवायची हेही सांगता येतं, न सांगितलं तर गिळली जाते. मी एकदा एक अख्खं स्टाइलशीट एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेलं, आकडे तेच ठेवले, आणि पुस्तक जवळपास ३० पानांनी फुगलं. कुठलाच आकडा चुकलेला नव्हता.

चौकटीच्या बाबतीत तर हे फारच डोळ्यात भरतं. सीएसएसमध्ये चौकटीला बॉर्डर किंवा पॅडिंग (आतल्या कडेची मोकळी जागा) असेल तर आतल्या शेवटच्या पॅराची खालची जागा बाहेरच्या जागेत मिसळत नाही, ती आतच अडकते, मग चौकटीत वर कमी जागा आणि खाली जास्त, आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण चौकट ढिसाळ वाटते. उपाय म्हणजे पुन्हा पत्ता: चौकटीतलं शेवटचं मूल, मग ते पॅरा असो, लिस्ट असो, टेबल असो, त्याची खालची जागा शून्य. आणि लिस्ट असेल तर तिच्या शेवटच्या मुद्द्यातल्या शेवटच्या पॅराचीही शून्य, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं.

शेवटी मी एक पद्धत पकडली ती आजतागायत सोडलेली नाही. जागा शक्यतो फक्त वरच्या बाजूला द्यायची, आणि ती जोडी बघून द्यायची. पॅरानंतर पॅरा, पॅरानंतर लिस्ट, हेडिंगनंतर हेडिंग, टेबलनंतर पॅरा. कागदावर आडवं-उभं कोष्टक काढायचं आणि प्रत्येक चौकोनात आकडा भरायचा. कंटाळवाणं आहे, पण हेडिंगनंतर लगेच हेडिंग आलं तर काय या प्रश्नाला तिथे उत्तर लिहिल्याशिवाय सुटका नसते, आणि हाच प्रश्न लोक हमखास विसरतात. प्रकरणाचं शीर्षक, लगेच खाली सेक्शनचं शीर्षक, दोघांच्या मध्ये सेक्शनची पूर्ण १८ पॉइंटची जागा, तो खड्डा तुम्ही कितीतरी छापील पुस्तकांत बघितला असेल.

पान तुटण्याचं बोलते थोडक्यात. हेडिंग पानाच्या तळाशी एकटं राहू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पॅराच्या किमान दोन ओळी या पानावर आणि दोन त्या पानावर हा सीएसएस आणि एक्सएसएल-एफओ दोन्हीकडे न सांगता मिळणारा नियम आहे. घोळ होतो तो "तोडू नको" जास्त ठिकाणी लिहिल्यावर. मी सुरुवातीला सगळ्या चौकटींना तोडायची बंदी घातली. मग एका लेखकाने पाऊण पानाची सूचना लिहिली, तिच्यावर हेडिंग होतं त्याला खालच्याशी चिकटून राहायला सांगितलेलं, त्याच्यावर आणखी एक हेडिंग, असं सगळं मिळून पुढच्या पानावर उडी मारून गेलं आणि मागे अर्धं पान कोरं. आता धोक्याच्या सूचनेला पूर्ण बंदी आणि साध्या टिपेला फक्त पहिल्या दोन-तीन ओळी शीर्षकाशी बांधलेल्या, बाकी तुटली तर तुटू दे. एक्सएसएल-एफओमध्ये या बंदीला आकड्याने कमी-जास्त बळ देता येतं, तुमच्या फॉर्मॅटरला ते जमत असेल तर जरूर वापरा.

आता स्पेसबार. हे छोटं वाटतं पण वाचणाऱ्याला पहिल्यांदा हेच दिसतं. एक्सएमएलच्या फाइल लोक एडिटरमध्ये सुबक इंडेंट करून ठेवतात, प्रत्येक टॅग नव्या ओळीवर, आणि त्या नव्या ओळी आणि स्पेस म्हणजेही मजकूरच असतो. सेक्शन आणि पॅरा यांच्यामधली ओळ बिनकामाची, ती काढून टाकली तरी चालते. पण पॅराच्या आतली स्पेस खरी असते. मी पहिल्यांदा सरसकट सगळ्या एलिमेंटांमधली नुसती स्पेस काढून टाका असं लिहिलं, आणि छापून आलं "मेनसप्लाय". मूळ फाइलमध्ये 'मेन' बोल्डमध्ये होतं, मग एक स्पेस, मग 'सप्लाय' दुसऱ्या टॅगमध्ये, आणि दोन टॅगांमधली ती एकटी स्पेस माझ्या नियमाने खाल्ली. उलट बाजूने, एडिटरने इंडेंट करताना पॅराच्या आत नवी ओळ घातली की स्वल्पविरामाच्या आधी स्पेस येते आणि प्रूफवर लाल खुणा वाढतात. त्यामुळे आता माझ्याकडे यादी आहे: ज्या एलिमेंटांत नुसती एलिमेंटंच येतात त्यांच्यातली स्पेस काढायची, ज्यांत मजकूर आणि टॅग मिसळलेले असतात तिथे हात लावायचा नाही, आणि कोड किंवा मशीनच्या स्क्रीनवरचा मजकूर असेल तिथे प्रत्येक स्पेस आणि प्रत्येक ओळ जशीच्या तशी. ही यादी अंदाजाने करू नका, स्कीमावरून काढा, स्कीमा स्वतःच सांगतो कुठल्या एलिमेंटात मजकूर चालतो.

ओळीच्या आतल्या टॅगांचं मराठीत आणखी एक वेगळंच आहे, आणि यावर फार कमी लिहिलं जातं. 'एम्फसिस' म्हणजे जोर देणं, आणि जवळपास सगळ्या तयार स्टाइलशीटमध्ये त्याचा नियम एकच, इटॅलिक. रोमन लिपीत ठीक आहे, तिथे इटॅलिकची वेगळी घडण असते. देवनागरीच्या बऱ्याच फॉन्टांना इटॅलिक नसतंच, मग यंत्र सरळ अक्षर ढकलून तिरकं करतं, काने वाकडे पडतात आणि जोर येण्याऐवजी फॉन्ट बिघडल्यासारखं दिसतं. स्मॉल कॅप्स (लहान मापाची कॅपिटल अक्षरं) हा प्रकार आपल्याकडे नाहीच. अक्षरांमध्ये अंतर वाढवून शीर्षक ताणायला गेलात तर शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर सुटं पडतं. म्हणून माझा नियम आता एलिमेंटच्या नावावर आणि भाषेवर मिळून आहे: भाषा मराठी असेल तर 'एम्फसिस' म्हणजे ठळक, इंग्रजी असेल तर इटॅलिक.

आणि भाषा लिहिलेली असली की आणखी एक फायदा होतो. मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळे घडवलेले असतात, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात त्यात मराठी रूप मिळवायला फॉन्टला भाषा सांगावी लागते. एक्सएमएलमधलं भाषेचं ॲट्रिब्यूट तुम्ही फक्त शब्द तोडण्यासाठी न वापरता फॉन्टच्या भाषेच्या सेटिंगपर्यंत पोचवलंत तर पानावर आपला ल येतो. मी हे पहिल्यांदा केलं आणि तेच पान पुन्हा छापून शेजारी ठेवलं, तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू. मजकुराचं एक अक्षरही बदललं नव्हतं, नियमात एक ओळ वाढली होती आणि पान मराठी दिसायला लागलं होतं.

टेबलांवर मी इथे फार थांबत नाही. कॅल्सचं टेबल मॉडेल (एक्सएमएलमध्ये टेबल लिहायची एक ठरलेली पद्धत) असेल तर कॉलमची रुंदी प्रमाणात लिहिलेली येते, ती आपल्या यंत्राच्या भाषेत आणायची, मथळ्याची ओळ पुढच्या पानावर पुन्हा यायला हवी, आणि दोन ओळींत मिळून एक खाना असेल तर पान नेमकं तिथे तुटू नये याची काळजी. बाकी टेबल हे लेखकाच्या हातात जास्त आणि स्टाइलशीटच्या हातात कमी असतं, नऊ कॉलमचं टेबल उभ्या पानावर कुठल्याच नियमाने बसत नाही.

यंत्र कोणतं निवडावं असं मला बरेच जण विचारतात. मी चारही रस्ते थोडेफार चालून बघितलेत. सीएसएसने पान लावणं आता बरंच पुढे गेलंय आणि शिकायला सगळ्यात सोपं आहे. एक्सएसएल-एफओ बोलघेवडं आहे, पण मॅन्युअलसारख्या कामाला भरवशाचं, शिवाय डॉकबुक आणि डिटा या तांत्रिक मजकुराच्या प्रचलित एक्सएमएल साच्यांसाठी तयार स्टाइलशीट मिळतात. कॉन्टेक्स्ट तर एक्सएमएलची फाइल थेट वाचतं, मधे काही बदल करायची गरज नाही, एलिमेंटला सेटअप (रूपाचा नियम) जोडायचा की झालं. आणि लाटेकमध्ये जायचं तर आधी एक्सएसएलटीने लाटेकचा मजकूर तयार करावा लागतो. परिच्छेदातल्या ओळी एकत्र बघून कुठे तोडायच्या ते ठरवण्यात टेकच्या (लाटेक आणि कॉन्टेक्स्ट ज्यावर उभे आहेत तो प्रोग्राम) घराण्याचा हात धरणं कठीण आहे, तो क्नुथ आणि प्लास यांचा १९८१ मध्ये छापून आलेला अल्गोरिदम अजून तसाच कामाला येतो. फक्त लाटेकच्या रस्त्यावर एक खड्डा आहे तो सांगून ठेवते. लाटेकला दहा चिन्हं विशेष वाटतात, टक्का, डॉलर, अँपरसँड, अंडरस्कोर, महिरपी कंस, बॅकस्लॅश वगैरे, आणि एक्सएमएलच्या मजकुरात ती साधी चिन्हं म्हणून येतात. ती एकेक करून बदलायला गेलात, आधी टक्का आणि शेवटी बॅकस्लॅश, तर टक्क्यापुढे तुम्हीच घातलेला बॅकस्लॅश शेवटच्या फेरीत पुन्हा बदलला जातो. सगळी चिन्हं एकाच फेरीत, अक्षर-अक्षर बघून बदला. आणि टक्का सुटला तर तिथून पुढची ओळ लाटेक कॉमेंट समजून टाकून देतं, एरर नाही, वाक्य अर्धं गायब. "बॅटरी २०% च्या खाली गेल्यास मशीन बंद करा" मधलं "मशीन बंद करा" असं गेलं तर काय होईल विचार करा.

पण यंत्रापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की नियम दोन टप्प्यांत लिहा. आमच्या स्कीमामध्ये दीडशेच्या आसपास एलिमेंटं आहेत. पानावर मात्र इतकी वेगळी रूपं नसतातच, डोळ्याला ती ओळखताही येणार नाहीत. म्हणून पहिला टप्पा फक्त एवढंच ठरवतो की या पत्त्यावरच्या या एलिमेंटची पानावरची भूमिका कोणती: मोठं हेडिंग, पहिला पॅरा, पुढचा पॅरा, धोक्याची चौकट, साधी चौकट, आकृतीची ओळ. अशा वीस-पंचवीस भूमिका. दुसरा टप्पा भूमिकेला रूप देतो, फॉन्ट, जागा, तुटणं. पहिला टप्पा लेखकांशी बोलून ठरतो, दुसरा डिझायनरशी. हे दोन्ही एकाच फाइलमध्ये कालवलं की डिझायनरने "चौकटीचा रंग बदला" म्हटल्यावर तुम्ही सात ठिकाणी शोधत बसता आणि सहा सापडतात. वेगळं ठेवलं की भूमिकांची यादी दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवता येते, आणि त्या यादीवरून भांडणंही लवकर मिटतात.

अपवादांचं काय, हा प्रश्न येणारच. कितीही चांगले नियम लिहा, एखाद्या पानावर लेखकाला इथेच नवं पान हवं असतं. आधी मी ठामपणे नाही म्हणायचे, मजकुरात दिसण्याविषयी एक शब्द नको म्हणून. आता तेवढी ताठर नाही. प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे मजकुरात सोडलेली यंत्रासाठीची सूचना, हा प्रकार एक्सएमएलमध्ये याचसाठी आहे, तो घालू देते, पण त्यात कोणत्या आउटपुटसाठी आणि कोणत्या आवृत्तीसाठी हे लिहायचं, म्हणजे पुढच्या आवृत्तीत मजकूर सरकला की ते जुने पान-तोड आपोआप दुर्लक्षित होतात. नाहीतर दोन वर्षांपूर्वी कोणीतरी घातलेला तोड पुस्तकाच्या मध्येच तीन ओळींचं पान तयार करतो आणि का ते कोणालाच आठवत नाही.

आता त्या 'कॉशन'वर परत येते. मी त्यानंतर तीन गोष्टी केल्या. एक, सगळ्यात कमी प्राधान्याचा एक नियम लिहिला जो कुठल्याही अनोळखी एलिमेंटला लागू होतो, तो मजकूर लाल रंगात छापतो आणि बाजूला त्या एलिमेंटचा पूर्ण पत्ता छापतो. हा प्रूफसाठी. दोन, छपाईच्या आउटपुटसाठी तोच नियम बिल्ड, म्हणजे पीडीएफ तयार होण्याचं काम, थांबवतो. एक्सएसएलटी ३.० मध्ये, २०१७ पासून, हे मोडवरच (नियमांच्या गटावरच) सांगता येतं, नियम सापडला नाही तर फेल हो, आणि दोन नियम भिडले तरी फेल हो. ज्यांच्याकडे ३.० चा प्रोसेसर आहे त्यांनी आजच लावा. तीन, एक छोटी स्क्रिप्ट जी स्कीमामधली सगळी एलिमेंटं एका बाजूला आणि स्टाइलशीटमध्ये उल्लेख असलेली दुसऱ्या बाजूला ठेवून फरक दाखवते, आणि एक चाचणीची फाइल जिच्यात प्रत्येक एलिमेंट त्याच्या प्रत्येक कायदेशीर जागी एकदा तरी आहे. ती फाइल वाचायला निरर्थक आहे, टेबलमध्ये लिस्ट, लिस्टमध्ये चौकट, चौकटीत टेबल, पण स्टाइलशीटमध्ये काहीही बदललं की मी आधी ती छापते आणि जुन्या छापाशेजारी ठेवून बघते.

गेल्या महिन्यात बिल्ड थांबलं. लेखकांनी 'प्रोहिबिशन' नावाचं एलिमेंट घातलं होतं, मला सांगायचं राहिलं होतं. स्क्रीनवर त्याचा पत्ता आला, मी फोन केला, दहा मिनिटांत ठरलं की त्याची भूमिका धोक्याची चौकटच, फक्त चिन्ह वेगळं, आणि नियम लिहून मोकळी झाले.

सध्या अडलंय ते टेबलमधल्या फूटनोटपाशी. खान्यातली तळटीप पानाच्या तळाशी पाठवली तर टेबल चार पानांत पसरलेलं असताना वाचणारा ती शोधत बसतो, आणि टेबलच्या खाली ठेवली तर पहिल्या पानावरच्या खुणेचा खुलासा चौथ्या पानावर जातो. तूर्तास टेबल एका पानात मावत असेल तर टीप टेबलखाली आणि मावत नसेल तर त्या-त्या पानाच्या तळाशी असं करतेय, पण टेबल किती पानांचं होणार हे पान लावून झाल्याशिवाय कळत नाही, म्हणून दोन फेऱ्या माराव्या लागतात, आणि टीप हलवल्यामुळे दुसऱ्या फेरीत कधीकधी टेबलच एका पानात मावायला लागतं. मग तिसरी फेरी. कोणी हे नीट सोडवलं असेल तर मला नक्की सांगा.